तंजमांबेची पाठवणी

चेन्नईहून कांचीपुरमकडे निघाले की सुमारे 40 किलोमीटरांवर श्रीपेरुंबुदूर लागते. आज या गावाच्या आसपास मोटारींचे मोठमोठे कारखाने आहेत. आणि 21 मे 1991 च्या रात्री राजीव गांधी यांची हत्या याच गावी झाली, म्हणून एरवी दक्षिणेशी संबंध नसलेल्यांनाही हे नाव ठाऊक झाले. परंतु गावाची जुनी ओळख निराळी आहे. संस्कृत ग्रंथांत त्याला भूतपुरी म्हणतात. इथल्या आदिकेशव पेरुमाळाच्या देवळात रामानुजाचार्यांची मूर्ती आहे, कारण हे त्यांचे जन्मस्थान. परंपरा त्यांचा जन्म 1017 चा आणि निर्याण 1137 चे मानते, म्हणजे पुरे 120 वर्षांचे आयुष्य. ते अक्षरशः खरे मानण्याचे कारण नाही. पण अकराव्या-बाराव्या शतकांत या पुरुषाने वेदान्ताला भक्तीचे अधिष्ठान दिले, ‘श्रीभाष्य’ लिहिले, श्रीरंगमच्या देवळाची व्यवस्था लावली आणि शरणागतीची वाट सर्वांना सांगितली, याविषयी दुमत नाही.

आज मी बोलणार आहे ते आचार्यांविषयी नव्हे, आचार्यांच्या पत्नीविषयी. तिचे नाव तंजमांबा. तमिळ भाषेत ‘तंजम्’ म्हणजे आश्रय, शरणस्थान. संस्कृत चरित्रकारांनी या नावाचे भाषांतर करून तिला रक्षकांबा म्हटले. ज्या आचार्यांनी जन्मभर शरणागतीचे तत्त्व सांगितले, त्यांच्या बायकोचे नाव शरणस्थान असावे आणि तिलाच घरातून जावे लागावे, हा योगायोग कुणा कवीने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

हकीकत अशी सांगतात. वडील आसुरी केशव सोमयाजी वारल्यावर रामानुज कांचीला येऊन राहिले. तेथे यादवप्रकाश नावाच्या वेदान्त्याजवळ शिकले, मतभेद होऊन दुरावले आणि वरदराज पेरुमाळाच्या सेवेत रमले. त्या देवळात तिरुक्कच्ची नंबी म्हणून एक भक्त देवाला पंख्याने वारा घालीत असे. चरित्रांत त्याला कांचीपूर्ण असेही म्हणतात. जन्माने तो वैश्य. देव त्याच्याशी बोलतो अशी लोकांची श्रद्धा होती. रामानुजांना त्याचे उच्छिष्ट प्रसाद म्हणून हवे होते, म्हणून त्यांनी त्याला जेवायला बोलावले. हा पाहुणा रामानुज घरी नसतानाच आला. तंजमांबेने त्याला वाढले, तो जेवून गेला. मग तिने पत्रावळ उचलून बाहेर टाकली, उरलेले अन्न देऊन टाकले, जागा शेणाने सारवली, स्नान केले आणि नवऱ्यासाठी नव्याने स्वयंपाक केला. रामानुज परतले तो हा प्रकार.

दुसरा प्रसंग भुकेल्याचा. एक भुकेलेला माणूस दारी आला असता घरात काही नाही असे ती म्हणाली, आणि रामानुजांना स्वयंपाकघरात अन्न सापडले. तिसरा प्रसंग विहिरीवरचा. श्रीरंगमहून आलेले गुरू पेरिय नंबी, ज्यांना महापूर्ण म्हणतात, पत्नीसह रामानुजांच्याच घरी सहा महिने राहिले होते. एके दिवशी दोघी बायका पाणी शेंदीत असता गुरुपत्नीच्या घागरीचे थेंब तंजमांबेच्या घागरीत पडले. तिने कुळाचा उच्चनीचपणा काढून गुरुपत्नीला टाकून बोलले. पेरिय नंबी भांडले नाहीत; रामानुजांना न सांगताच बायकोला घेऊन श्रीरंगमला निघून गेले.

यानंतर रामानुजांनी जे केले, त्याची प्रचलित कथा अशी. त्यांनी सासऱ्याच्या नावाने एक पत्र तयार केले. घरी लग्नकार्य आहे, मुलीला पाठवा, असा त्यातला मजकूर. एका ब्राह्मणाच्या हाती पत्र, विडा, फळे, लुगडे देऊन त्याला माहेराहून आलेला निरोप्या म्हणून घरी धाडले. माहेरचा माणूस म्हणताच तंजमांबेने त्याला आनंदाने जेवू घातले. रामानुज म्हणाले, तू पुढे हो, मी मागून येतो. दागिने बरोबर घे. ती निघाली, आणि इकडे रामानुज वरदराजाच्या देवळात गेले, अनंतसरस तळ्यात नाहले आणि त्यांनी काषाय वस्त्रे घेतली. याच तळ्यात अत्तिवरदराजाची लाकडी मूर्ती पाण्याखाली ठेवलेली असते. 2019 साली ती 48 दिवस दर्शनासाठी बाहेर काढली होती, तेव्हा साऱ्या देशाने तिची छायाचित्रे पाहिली. त्या दिवशी रामानुज यतिराज झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या रामकृष्ण मठातील स्वामी रामकृष्णानंद यांनी बंगालीत रामानुजचरित्र लिहिले, त्यातही पत्राची ही कथा आहे, आणि तेथून ती अनेक भाषांत पसरली.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. आचार्यांची चरित्रे त्यांच्यामागून पिढ्या उलटल्यावर लिहिली गेली आणि त्यांत पाठभेद पुष्कळ आहेत. कुठे पत्र आहे, कुठे नुसतीच माहेरची पाठवणी आहे. तेव्हा बाराव्या शतकातल्या एका थोर पुरुषावर आज खटला भरण्याचा माझा इरादा नाही, तसा पुरावाही नाही. मला प्रश्न पडतो तो कथेविषयी. शिष्यांच्या पिढ्यांनी ही कथा जपली, वाढवली, मुलांना सांगितली. त्यांना पत्र लबाडीचे आहे हे कळत होते. खोट्या पत्राची कथा कोणी आपल्या गुरूविषयी उगीच सांगत नाही. मग त्यांनी ती कशाच्या बळावर सांगितली? तर त्या तीन प्रसंगांच्या. बायको अशी वागली, म्हणून असे करावे लागले. संसारात एकाने दुसऱ्याला छळले म्हणजे छळलेल्याच्या हातून घडणारे वावगे कृत्य माफ होते काय, हा प्रश्न या कथेच्या पोटात आहे, आणि तो प्रश्न बाराव्या शतकापुरता नाही.

तंजमांबेचे अपराध आधी नीट पाहू. तिन्ही अपराध पाहुण्यांविरुद्ध आहेत. नवऱ्याशी ती वाईट वागली असे एकही उदाहरण कथेत नाही. त्यांतला पहिला तर अपराध म्हणावा काय, हीच शंका आहे. सोमयाजींच्या घरात सून म्हणून आलेल्या मुलीला सोवळेओवळे कोणी शिकवले? त्याच घराने. ब्राह्मणेतर पाहुणा जेवून गेल्यावर जागा सारवावी, नवऱ्याला उष्टे वाढू नये, हे तिला आईने आणि सासूने शिकवले होते. रामानुजांची दृष्टी त्या काळाच्या फार पुढे गेली होती, हे त्यांचे थोरपण. आज आपण त्यांच्याच बाजूला उभे राहू, आणि राहावेच. परंतु नवरा पुढे गेला आणि बायकोला त्याने ती वाट कधी दाखवली नाही, तर मागे राहिल्याचा दोष सगळा तिच्या माथी मारता येईल का? तिने धर्म म्हणून केले तेच नवऱ्याच्या दृष्टीने अधर्म ठरले. भुकेल्याला नाकारणे मात्र क्रूरपणा होता, त्याचे समर्थन नाही. विहिरीवरचे बोलणेही तसेच. पण सहा महिने घरात दुसरे बिऱ्हाड असताना पाण्यावरून दोन बायकांचे एकदा भांडण होणे, यापेक्षा सामान्य गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्या वाड्यात वा चाळीत आपण पाहिली नाही?

तरीही क्षणभर धरून चालू की रामानुजांचा कोंडमारा खरा होता. ज्यांना आपण देवासमान मानतो त्यांचा अपमान आपल्याच घरात आपल्याच माणसाने वरचेवर करावा, ही लहान वेदना नव्हे. या संसारात आपल्याला राहता येत नाही असे त्यांना वाटले, हे समजू शकते. त्या काळच्या शास्त्राने त्यांना मोकळीकही भरपूर दिली होती. मनुस्मृती कटू बोलणाऱ्या बायकोला तत्काळ बाजूला सारून दुसरी करण्याची मुभा देते. संन्यास तर सर्वांत मोठा मार्ग. मात्र शास्त्राची दुसरीही बाजू आहे. मनूच ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे वळणाऱ्याला अधोगती सांगतो. आणि कौटिल्य, ज्याचा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी 1909 साली छापून जगापुढे आणला, बायकामुलांची तजवीज न करता प्रव्रज्या घेणाऱ्याला सरळ दंड सांगतो. मोक्षाच्या वाटेवर निघालेल्यालाही दंड आहे! कौटिल्य वैराग्याच्या विरुद्ध नव्हता. पण मागे राहणारे माणूसच असते, हे राज्य चालवणाराला विसरून चालत नाही.

म्हणून मला दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्याशा वाटतात. संसार सोडणे ही एक, आणि खोटे पत्र लिहिणे ही दुसरी. बायकोच्या वागण्याने पहिलीचे समर्थन होईलही. दुसरीचे होते काय? इथे रामानुजांच्याच चरित्रातल्या आणखी दोन कथा मदतीला येतात. त्या अशासाठी की त्यांतही ठरलेला नियम मोडला आहे, तरी दोन्ही वाचून मनाला टोचत नाही.

एक तिरुक्कोष्टियूरची. तिथल्या गोष्ठीपूर्ण नावाच्या गुरूने रामानुजांना अठरा वेळा परत पाठवून अखेर मंत्राचे रहस्य सांगितले, कुणाला सांगणार नाही असे वचन घेऊन. रामानुजांनी ते वचन मोडले आणि लोकांना जमवून रहस्य सांगून टाकले. गोपुरावर चढून सांगितले, हा पुढच्या काळात भरलेला रंग असावा, असे अभ्यासकांना वाटते. पण वचन मोडल्याची गोष्ट परंपरेने जपली आहे. गुरू रागावून म्हणाले, तू नरकात जाशील. रामानुज म्हणाले, इतके लोक तरणार असतील तर मी एकटा नरकात जाईन. ‘तुम्ही मला अठरा वेळा हेलपाटे घालायला लावलेत, म्हणून मी वचन मोडले’ असे ते म्हणाले नाहीत. आपल्यावर झालेल्या जाचाचा दाखला त्यांनी दिला नाही. चूक आपली म्हटली आणि तिची किंमत स्वतःच्या नावावर मांडली.

दुसरी कथा वेषांतराची. एका शैव चोळ राजाने रामानुजांना दरबारात बोलावले. शिव सर्वश्रेष्ठ आहे अशी कबुली लिहून घ्यायची होती. शिष्यांनी आचार्यांना पांढरी वस्त्रे नेसवून पश्चिमेकडे, कर्नाटकात पाठवले आणि त्यांची काषाय वस्त्रे अंगावर घालून कूरत्ताळ्वान ऊर्फ कूरेश हा शिष्य त्यांच्या नावाने दरबारात गेला. बरोबर म्हातारे पेरिय नंबी होते, विहिरीवरच्या त्या प्रसंगातले पाहुणे तेच. दोघांचेही डोळे गेले. पेरिय नंबी तर वाटेतच वारले. वेषांतर हेही असत्यच. पण ते असत्य कुणी कुणाशी केले? ज्याच्या हाती तलवार होती त्याच्याशी, ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांनी. आणि त्याची किंमत करणाऱ्यांनीच मोजली. दुर्बळाला प्राण वाचवायला दुसरे दार उरलेले नसते तेव्हा तो खोटे बोलतो. त्याला कोण दोष देईल?

आता कांचीच्या घरातले पत्र या दोहोंशेजारी ठेवून पाहा. तिथे तलवार कुणाच्या हाती होती? घर नवऱ्याचे, शास्त्र त्याच्या बाजूचे, समाज त्याच्या बाजूचा. त्याला सगळी दारे उघडी होती. ‘मी संन्यास घेणार आहे, तू माहेरी जा’ एवढे वाक्य तोंडावर म्हणायला त्याला मज्जाव करणारे कोणी नव्हते. म्हटले असते तर ती रडली असती, भांडली असती, कदाचित पाय धरले असते. पत्राने टळले ते एवढेच. जाच सोसणाऱ्याच्या असत्याला मी क्षमा मागेन, पण आधी विचारीन की त्याला दुसरे दार होते की नाही. आणि किंमत? कूरेशाचे डोळे परंपरा विसरली नाही. तंजमांबेने काय मोजले याची नोंद कोणी घेतली नाही. प्रचलित चरित्रांत या पाठवणीनंतर तिचे नाव ऐकू येत नाही.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याला इथे आळंदीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत, मूळ आपेगावचे. त्यांनाही संसारात मन लागेना. रुक्मिणीबाईंचा काही अपराध होता असे आपली परंपरा म्हणत नाही. पत्नीची संमती हवी म्हणून ते वारंवार विचारीत, आणि एकदा ती बेसावध असता ‘जा’ म्हणून गेली, असे एका कथेत आहे. काशीला जाऊन त्यांनी गुरूला सांगितले की मला बायकापोरे नाहीत. गुरूचे नाव कुणी रामानंद सांगतात, कुणी श्रीपाद. पुढे तेच गुरू यात्रेच्या वाटेवर आळंदीला आले. नमस्काराला आलेल्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, तेव्हा त्यांना हसू आले, आणि चौकशी करता सगळे उघड झाले. गुरू पुढची यात्रा टाकून माघारी गेले आणि शिष्याला म्हणाले, घरी जा, संसार कर. महिपतीने 1762 साली ‘भक्तविजय’ लिहिला, त्यात ही कथा आहे, आणि ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिच्यातली एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. संन्यास हा इतका मोठा धर्म असूनही खोट्यावर घेतलेला संन्यास गुरूने रद्द केला. बायकोची बाजू घेणारा कथेतच एक माणूस आहे, आणि तो संन्याशांतला वडीलधारा आहे. पुढे त्या कुटुंबाने काय भोगले, वाळीत टाकणे, मुलांची परवड, आईबापांचे देहांत प्रायश्चित्त, ते निराळे आणि भयंकर. ते समाजाचे पाप होते, गुरूच्या निर्णयाचे नव्हे.

कांचीच्या कथेत असा गुरू नाही. आणि ज्या बाजूने जाच खरोखर फार मोठा होता, त्या बाजूची कथा पाहायची तर सतराव्या शतकातल्या बहिणाबाईंकडे जावे लागते. वेरूळजवळच्या देवगावची ही मुलगी. तिसऱ्या वर्षी तिचे लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी, गंगाधर पाठकांशी झाले. पुढे कोल्हापुरात कीर्तनाला जाते, लोक तिला मान देतात, एवढ्यावरून नवऱ्याने तिला बांधून मारले. हे कुणा शिष्याने रंगवून सांगितलेले नाही. तिने स्वतः अभंगांत सांगितले आहे. नवरा तिला टाकून तीर्थाला निघणार होता, तेव्हा ती गरोदर होती. तेवढ्यात तो आजारी पडला आणि तिने त्याची शुश्रूषा केली. तिच्या अभंगांत पतिव्रताधर्माची थोरवी जागोजागी आहे; ती वाचताना आजच्या वाचकाचा जीव गुदमरतो. ती निघून गेली असती, खोटे बोलून माहेरी पळाली असती, तर मी तिला शब्दाने दोष दिला नसता, कारण तिला दार नव्हते. आणि आपण हेही पाहावे की जिला कारण होते तिने असत्य केले नाही, आणि ज्याला ते सर्वांत कमी लागत होते त्याच्या असत्याला कथेने तीन-तीन कारणे जोडली.

अलीकडच्या काळात दार बंद असूनही समोरासमोर उभी राहिली ती रखमाबाई. मुंबईची ही मुलगी अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांना दिली गेली. मोठी झाल्यावर तिने नांदायला जाण्यास नकार दिला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात टिकला नाही, आणि 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी तिने महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असे सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ती आता अपराधी होणार होती. तिने पळवाट शोधली नाही. तुरुंगात जाईन पण जाणार नाही, असे ती म्हणाली. टिळकांच्या ‘केसरी’ने तिच्यावर टीका केली, साऱ्या शहरात वाद पेटला. 1888 साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि मग ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आली. सुरत आणि राजकोट येथे तिने वर्षानुवर्षे रुग्णालये सांभाळली. तिरुक्कोष्टियूरच्या रामानुजांशी तिची तुलना केली तर कुणाला ती अप्रस्तुत वाटेल, पण मला वाटत नाही. नियम मोडायचा तो उजेडात, आणि शिक्षा आपल्या अंगावर घेऊन, हे दोघांत सारखे आहे.

रखमाबाई 1955 साली वारल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला. जोडीदाराने संन्यास घेऊन संसार सोडला, तर मागे राहिलेल्याला घटस्फोट मागता येतो, असे त्या कायद्यात आहे. हक्क राहिलेल्याला आहे, गेलेल्याला नव्हे. आणि त्याच्या तेविसाव्या कलमात न्यायाधीशाला बजावले आहे की, मागणारा स्वतःच्याच दोषाचा फायदा घेत नाही ना, हे आधी पाहा. क्रूरपणा हे तेव्हा विभक्त राहण्याचे कारण होते. 1976 च्या दुरुस्तीनंतर ते घटस्फोटाचेही झाले. म्हणजे छळ हे बाहेर पडण्याचे कारण कायद्याने मान्य केले. छळ हे फसवण्याचे कारण मात्र त्याने कुठे मान्य केलेले नाही. कायदा नेहमी शहाणा असतो असे नाही, इथे तो आहे.

आता एक गोष्ट रामानुजांच्या बाजूने सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या हातून अन्याय होईल. श्रीरंगमचे, वयाने वाढलेले रामानुज कांचीच्या रामानुजांहून निराळे दिसतात. त्यांचा मावसभाऊ गोविंद, ज्याला पुढे एंबार म्हणू लागले, विवाहित होता, पण बायकोकडे फिरकत नसे. गोविंदाच्या आईने तक्रार केली. रामानुजांनी ती कानांआड केली नाही. भावाला बोलावून त्यांनी विचारले. एकांत कुठे आहे, देव तर सगळीकडे दिसतो, असे त्याचे उत्तर आले. रामानुज म्हणाले, गृहस्थ आहेस तर गृहस्थासारखा राहा, नाहीतर सरळ संन्यास घे. अधांतरी राहू नकोस. ज्याने एकदा पत्राची आडवाट घेतली तोच आता सांगतो आहे की जे करायचे ते उघड कर! दुसरी कथा उरंगाविल्लीदासाची. हा मल्ल बायकोच्या डोळ्यांना ऊन लागू नये म्हणून भर रस्त्यात तिच्यावर छत्री धरून चाले, लोक हसत. रामानुजांनी त्याला बायको सोडायला सांगितले नाही. याहून सुंदर डोळे दाखवतो म्हणून त्याला श्रीरंगनाथापुढे नेले, आणि मग ती दोघे, बायकोसुद्धा, त्यांच्या परिवारात आली. या कथा लिहिणाऱ्यांच्या मनात तंजमांबा होती की नव्हती, कोण सांगणार? मला मात्र त्या वाचताना तिची आठवण होते.

आणि आणखी एक. या संप्रदायात लक्ष्मीचे काम अपराध्याची वकिली करण्याचे आहे. देव न्यायी आहे, तो अपराध पाहतो. शेजारी बसलेली देवी म्हणते, असू द्या, आपलाच आहे. कूरेशाचा मुलगा पराशर भट्टर, ज्याचे नाव रामानुजांनीच ठेवले अशी आख्यायिका आहे, लक्ष्मीच्या स्तोत्रात सीतेची थोरवी गातो. ज्या राक्षसिणींनी तिला छळले, ज्यांचा अपराध अजून ओला होता, त्यांना तिने हनुमंतापासून वाचवले, आणि म्हणून शरण आलेल्यालाच वाचवणारा राम तिच्यापुढे लहान दिसतो, असा त्या श्लोकाचा भाव आहे. भट्टराचे वडील तसेच. डोळे गेल्यावर वरदराजाच्या देवळात वर मागण्याची वेळ आली, तेव्हा ज्या माणसाने राजाला चिथावले होते त्यालाही सद्गती दे, असे कूरेशाने मागितले. तेही कांचीतच, त्याच वरदराजापुढे, जिथे पूर्वी एकदा एका गृहस्थाने काषाय वस्त्रे घेतली होती.

त्या दिवशी तंजमांबा वाटेत असेल. लग्नाचे लुगडे तिच्याजवळ होते, दागिने बरोबर होते, आणि मागून नवरा येणार होता. पत्राची कथा खरी मानली, तर माहेरच्या दारात मांडव नाही, तोरण नाही, हे पाहिल्यावर तिने आईला काय विचारले असेल?